फितीचं टोक

फोटो पाहिल्यावर वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. सकाळचे दहा वाजले होते. पेइने त्याचा फोन माझ्या टेबलावर उताणा ठेवला आणि बाजूला उभा राहिला. पडद्यावर आमची पेटी होती. झाकण काढलेली, रिकामी, कुणाच्या तरी फुलाफुलांच्या मेणकापडावर ठेवलेली. कानाला अडकवायचं आमचं नवं यंत्र बाजारात यायला तीन आठवडे होते. ते कसं दिसतं हे आमच्या चौदा माणसांखेरीज अख्ख्या शेनझेनमध्ये कुणाला माहीत नव्हतं, आणि या फोटोतही ते नव्हतंच. पण पेटी रिकामी असली म्हणून काय झालं? आतल्या पांढऱ्या साच्यात वर दोन छोटे खळगे, खाली एक मोठा लंबगोल खळगा. वस्तू उचलून नेली तरी तिची जागा तिच्याबद्दल सगळं सांगत बसते. एका निनावी खात्यावर पहाटे कुणीतरी हा फोटो टाकला होता आणि तेवढ्या वेळात लोकांनी खळग्यांवरून यंत्राची चित्रंसुद्धा काढली होती. त्यातली दोन बरीचशी बरोबर होती.

"झुओताई, ही आपलीच ना?" पेइने विचारलं. तो आमच्या विभागाचा प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि कुठलीही अडचण आली की माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहणारा.

"आपलीच."

"बाहेर किती पेट्या आहेत?"

"तीन. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक क्वांग शिफूंकडे."

"माझी कपाटात आहे हं. आत्ता बघून आलो." तो जरा घाईनेच म्हणाला.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. साचा उचलायला खालून एक काळी फीत बाहेर काढलेली असते, तिच्या टोकापर्यंत गेले. टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगून कापलेलं होतं. मला बरं वाटलं ते तेव्हा. सापळा लावून बसलेल्याला खट्ट असा आवाज ऐकू आला की वाटतं तसं. वाईट वाटलं ते त्याच्या पाठोपाठ, कारण दुभंगलेली फीत क्वांग शिफूंच्या पेटीची होती.

त्या फिती मी माझ्या हाताने कापल्या होत्या. बाओआनमध्ये जुन्या कारखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, शिफूंची दोन खोल्यांची जागा आहे. शिफू म्हणजे उस्ताद. आमच्याकडे हातात कसब असलेल्या कुणालाही शिफू म्हणतात, गाडीवाल्यालाही म्हणतात, पण मी मनापासून म्हटलं ते यांनाच. कारखाने लाखांनी पेट्या काढतात, पण जिच्यावरून त्या निघतात ती पहिली पेटी अजून हातानेच करावी लागते. पोलादी पट्टी, सुरी, हाडाची चपटी काडी आणि सरस. एकोणिसाव्या वर्षी मी हुनानमधल्या गावाहून आले ती त्यांच्या टेबलाशी कोपरे दुमडायला बसले. पुठ्ठा दमट हवेत कसा फुगतो, कागद कुठल्या अंगाने वळतो, झाकण उचललं की तळ आपल्याच वजनाने सावकाश, सात सेकंदांत खाली उतरावा म्हणून दोन्हींमध्ये केसाएवढी फट कशी राखायची, हे सगळं मला तिथे कळलं. ते घड्याळ बघत नसत. झाकण धरून डोळे मिटायचे, आणि तळ टेबलाला टेकला की म्हणायचे, "साडेआठ. घासून घे, पोरी." चुकलं की पट्टी बोटांवर बसायची. मी केलेली पहिली पेटी इतकी वाकडी होती की झाकण बसेचना. ती त्यांनी कपाटात तिसऱ्या फळीवर ठेवून दिली. नव्या पोरांना दाखवायचे, "ही बघा, आज मोठ्या कंपनीत बसते ती बाई, तिची पहिली पेटी." बावीस वर्षं ती पेटी तिथेच आहे. फसलेलं घरात ठेवायचं आणि चांगलं बाहेर द्यायचं, ही त्यांच्या दुकानाची रीत.

या वेळी वरून ताकीद होती की यंत्राची कुणालाही चाहूल लागता कामा नये, म्हणून मी माझी युक्ती केली. तिन्ही पेट्या पुऱ्या झाल्यावर शिफूंच्याच कात्रीने पेइच्या पेटीची फीत तिरपी कापली, माझी सरळ, आणि शिफूंकडे राहायची तिची दुभंगून. "ही पेइची, ही माझी, ही तुमच्यापाशी," असं बोट दाखवून सांगितलं आणि खुणेबद्दल अवाक्षर काढलं नाही. सापळा सांगितला की सापळा राहत नाही. तेवढ्यात फोन आला. आत नीट ऐकू येत नाही म्हणून मी जिन्यात गेले, परत येईतो शिफूंनी दोन्ही पेट्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, वर पेन्सिलीने नावं घालून ठेवल्या होत्या. पेइची मी त्याच्यासमोर उघडली, फीत तिरपी होती. माझी घरी नेली आणि होती तशी कपाटात, थंडीच्या रजयांखाली ठेवली. ऑफिसात कपाटं आहेत, पण किल्ल्यांचे जोड किती जणांकडे आहेत ते कुणाला ठाऊक? शिफूंवर मला संशय होता असं नाही. उद्या संशय घ्यायची वेळ आलीच तर सोय असावी, एवढंच. माझ्यासारख्या बाईचं सगळं आयुष्य अशा सोयी करण्यात जातं.

ही खोड लहानपणची. आईवडील दोंगग्वानच्या कारखान्यात, मी गावी काकांकडे. वर्षातून एकदा आई यायची आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा द्यायची, तो मला वर्षभर पुरवायचा असायचा. मी झाकणावर थुंकी लावून स्वतःचा एक केस चिकटवायचे. रोज सकाळी बघायचे. केस जागच्या जागी असायचा आणि बिस्किटं कमी होत जायची. शेवटी मी चुलतभावाचं नाव घेतलं आणि काकांनी त्याला बांबूच्या छडीने मारलं. त्याने खाल्ली होती की नाही, मला आजही माहीत नाही. पुढे लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या खणाला आतून मी काळा दोरा लावायचे. सहा महिने लावला. मला काही सापडलं नाही, त्याला दोरा सापडला. तो भांडला नाही. दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "एवढं बारीक काम तू माझ्यासाठी करतेस, मला कल्पना नव्हती." मग आम्ही वेगळे झालो. मला पेट्या करायला का आवडतात असं विचारलंत तर खरं उत्तर हेच: पेटी एकदा उघडली गेली की ते कळतं. माणसाचं कळत नाही.

"हा लाल डाग कसला आहे?" पेइ वाकून बघत होता. मोठ्या खळग्याच्या कडेला खरंच फिकट लालसर ठसा होता, अंगठ्याएवढा. शिफू प्रत्येक नमुन्याच्या तळाला आपली दगडी मोहोर उमटवतात. तिच्या लाल शाईने त्यांचा अंगठा कायम रंगलेला असतो. आता तर काही बाकीच राहिलं नाही. मी पेइला शिफूंचं नाव सांगितलं.

"म्हातारबुवा?" तो म्हणाला. "ते कशाला करतील असं?"

"कशाला ते मला माहीत नाही. कोण, एवढं माहीत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"कशावरून पण?"

"ते विचारू नकोस."

कशाला, याचं उत्तर दुपारपर्यंत आपोआप गोळा झालं. संशयाला कारण लागत नाही. तो आला की कारणं मागून दाराशी रांग लावतात. शिफूंचा जावई फोनच्या बाजारात गाळा घेऊन बसतो. शिफूंनी मागच्या महिन्यात दोनदा विचारलं होतं, "बाजारात कधी येणार गं हे तुझं?" त्यांचे गुडघे गेलेत, किती दिवस काम करतील? एकदा मी गेले तेव्हा त्यांनी बोलता बोलता वही मिटली होती. बावीस वर्षं मी ज्या गोष्टी माया म्हणून जमा करून ठेवल्या होत्या त्या एकेक उलटून बघितल्या, आणि प्रत्येकीला मागची बाजू होती. ते मला स्वतःच्या वाटणीची बदकाची तंगडी द्यायचे, ते का? मोठ्या कंपनीतली ओळख म्हणून? हे असं मनात येत होतं आणि मला लाज वाटत नव्हती. माझ्या घरातली पेटी जागेवर आहे का, हे बघावं असं मात्र एकदाही मनात आलं नाही. फीत सरळ नव्हती ना, मग माझी कशाला बघू?

तीन वाजता मी बाओआनला गेले. शिफूंनी नेहमीसारखं आधी पाणी ठेवलं. बोटभर पेल्यात चहा ओतला, पहिल्या पाण्याचा रीतीप्रमाणे फेकून दिला, दुसऱ्या पाण्याचा माझ्यापुढे सरकवला. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ बघितलं.

"काम बरं दिसतंय," ते म्हणाले. "साचा जरा उजवीकडे तिरका बसवलाय कुणीतरी. काढून परत घातलाय."

"शिफू, ही तुमच्याकडची पेटी आहे."

"माझ्याकडची कपाटात आहे."

"फोटो तिचाच आहे."

"कशावरून?"

"आहे."

ते उठून कपाटाकडे जायला लागले, आणि मी म्हटलं, "राहू द्या. दाखवायची गरज नाही." कारण दाखवून काय होणार होतं? तासाभरात दुसरी पेटी करून ठेवणारा हात तो. पेटी असली तरी ते चोर, नसली तरी चोर. मला तेव्हा हे फार बिनतोड वाटलं. आता लिहिताना दिसतं की मी त्यांना निर्दोष ठरायला एकही दार ठेवलं नव्हतं.

ते कपाटाशी पाठमोरे उभे राहिले. मग म्हणाले, "मी केलं असं तुला वाटतं?"

"मला वाटण्याचा प्रश्न नाही, शिफू."

"मग कुणाचा आहे?"

मी टेबलावरचा फोन उचलून घेतला. त्यांनी कपाट उघडलं, तपकिरी कागदात गुंडाळलेली त्यांची पेटी काढली, कागद न सोडवता तिच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी आडवी चिकटवली, पट्टी आणि कागद दोन्हींवर येईल अशी सही केली, तारीख घातली आणि मोहोर उमटवली. कारखान्याकडे नमुना मोहोरबंद करून देतात तसं. पुढे वाद झाला की दोन्ही पक्षांसमोर फोडायचा. "घेऊन जा," ते म्हणाले. "हवी तेव्हा उघड." मी पेटी पिशवीत टाकली. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी पेइने पुठ्ठेवाले, छपाईवाले, साचेवाले अशा आमच्या चाळीस जणांच्या ग्रुपवर संदेश टाकला: विश्वासभंगामुळे क्वांग यांच्या दुकानाचं नाव यादीतून काढण्यात आलं आहे, कुणीही आमचं काम त्यांच्याकडे देऊ नये. त्या गल्लीत याचा अर्थ एवढाच होतो की आमचंच नाही, कुणाचंच काम आता तिकडे जाणार नाही. चाळीस जणांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. मी संदेश दोनदा वाचला. शब्द मीच सुचवले होते.

घरी आईने पालेभाजीचं सूप केलं होतं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे असते. दिवसभर खालच्या मजल्यावरच्या फंगमावशींबरोबर पानांचा डाव, बाजार, गप्पा. फंगमावशींचा नातू महिन्याचा झाला तेव्हा शेजारीपाजारी वाटायची लाल अंडी रंगवायला ही तिथे दोन दिवस बसली होती. वाडगा पुढे करताना तिची नखं अजून लालसर होती. "जेव नीट," ती म्हणाली. "कुणाशी भांडून आलीस का?" मी म्हटलं, "एक माणूस ओळखायला चुकले." ती म्हणाली, "एकच?" आणि टीव्हीकडे वळली. आई अशी आहे. तिने आयुष्यभर कारखान्यात खेळण्यांना डोळे बसवले. तिला कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही, आणि चांगली वस्तू फेकलेली बघवत नाही. स्वयंपाकघरात तिने साठवलेले डबे, बरण्या, बिस्किटांचे खोके अढ्याला टेकलेत.

नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत दुसऱ्या एका दुकानाकडून नमुने करून घेतले. तळ पाच सेकंदांत धाडकन सुटायचा. मी झाकण उचलून धरायचे आणि डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे शिफू कपाटाशी पाठमोरे उभे असायचे. मोहोरबंद पेटी माझ्या ऑफिसच्या खणात होती. एकदोनदा वाटलं, उघडावी. पण उघडून काय दिसणार? ताजी फीत, ताजा सरस, म्हाताऱ्याची चलाखी. न उघडता मला आत काय आहे ते माहीत होतं. माहीत असणं ही किती आरामाची जागा आहे, त्यातून उठवत नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, आई भाजी निवडत बसली होती आणि फंगमावशींच्या सुनेवर घसरली होती. "अगं, रीत म्हणून काही राहिली नाही बघ. आपण मायेने द्यावं आणि यांनी विकावं."

"काय विकलं?" मी विचारलं. लक्ष नव्हतं माझं.

"पेटी गं. बाळाला चांदीचे दोन घुंगरू दिले ना मी, पायात बांधायचे. नुसते कसे द्यायचे? पेटीत घालून दिले. अशी सुंदर बसली होती जोडी, दोन खळग्यांत दोन, जशी त्यांच्यासाठीच केलेली. आणि खालच्या मोठ्या खळग्यात एक लाल अंडं. फंगताई तर बघतच राहिली. आणि ती सून, घुंगरू काढून घेतले आणि पेटी फोटो काढून टाकली फोनवर विकायला, जुन्या बाजारात. वीस युआनला. म्हणे कुणा माणसाने तासाभरात नेलीसुद्धा."

मी हातातली पालकाची जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "कुठली पेटी?"

"तुझीच. रजयांना ऊन द्यायला काढल्या तेव्हा खाली होती, कागदात. रिकामीच तर होती. तू नाही का सतत आणतेस रिकाम्या पेट्या? साचा निघतो का म्हणून ओढून बघितला, पण मग म्हटलं नको, शोभतोय, परत बसवला." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "महागाची होती का?"

"नाही," मी म्हटलं. मी उठून कपाट उघडलं. ऊन खाल्लेल्या रजया नीट घडी करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्याखाली काही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण माझं डोकं अजून वळसाच घालत होतं. फुलाफुलांचं मेणकापड फंगमावशींचं, फोटो सुनेने विकायला टाकलेलाच कुणीतरी उचललेला, लाल डाग अंड्याचा, तिरका बसवलेला साचा आईचा, सगळं मान्य. पण फीत? फीत दुभंगलेली होती. माझी सरळ होती. मीच कापली होती. म्हणजे आईची पेटी वेगळी आणि फोटोतली वेगळी, असंसुद्धा असू शकेल की. मी खरंच असा विचार केला. स्वतःच्या आईच्या तोंडून सगळं ऐकल्यावरही मी त्या म्हाताऱ्याला चोर ठेवायला जागा शोधत होते.

टॅक्सी करून ऑफिसला गेले. रविवार असल्यामुळे मजल्यावर कुणी नव्हतं. खणातून मोहोरबंद पेटी काढली. पट्टीवर सही, तारीख, लाल मोहोर. सुरी घातली तर सही बरोबर मधून चिरली. कागद सोडवला, झाकण उचललं आणि धरून ठेवलं. तळ सावकाश खाली येत गेला, आणि सात म्हणायला आणि तो टेबलाला टेकायला एकच गाठ पडली. आत फीत होती. टोक सरळ कापलेलं. सरळ कापलेली फीत सुटत जाते, तिचे धागे बाहेर येतात. ते येऊ नयेत म्हणून कुणीतरी टोकाला नुसती आच दाखवली होती. काडीपेटीची, अगदी हलकी.

मग मला एकोणीस वर्षांची मी आठवले, आणि बोटांवर बसलेली पट्टी. "सरळ कापलीस? गिऱ्हाईक दोनदा ओढेल आणि झिपऱ्या निघतील. दुभंगून काप. सरळ कापलेली आपल्या घरात ठेवायची." मी जिन्यात फोनवर बोलत असताना त्यांनी तिन्ही पेट्या पाहिल्या असणार. पेइची तिरपी, चालेल. पण पोरीने स्वतःसाठी फसलेली घेतली आणि चांगली माझ्याकडे ठेवली, हे त्यांना पटलं नसणार. त्यांनी चांगली माझ्या कागदात बांधली आणि वाईट कपाटात ठेवली. बावीस वर्षं मला ठाऊक असलेली रीत. माझा सापळा त्या रीतीवरून घसरला होता, आणि मी माझ्या पेटीचा कागद सोडवून एकदा बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. दुसऱ्यांच्या पेट्या तपासणाऱ्या बाईने स्वतःची कधी उघडली नाही. मी त्या रिकाम्या मजल्यावर बसून रडले. चांगली मोठ्याने रडले.

पेइला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई," तो म्हणाला, "आता हे कुणाला हवंय? त्या फोटोमुळे आगाऊ मागण्या दुप्पट झाल्यात. वरचे खूश आहेत. उगाच उकरून काढू नका."

"त्यांचं नाव?"

"म्हातारे झालेत ते. तसंही किती दिवस करणार होते?" हे वाक्य माझ्याच मनातलं होतं, दहा दिवसांपूर्वीचं. मी फोन ठेवून दिला.

मी ग्रुपवर लिहिलं: पेटी माझ्या घरातून बाहेर गेली. क्वांग शिफूंचा काही संबंध नव्हता. मी त्यांचं नाव खोटं घेतलं. खाली माझं पूर्ण नाव. पेइने दहा मिनिटांत मला या कामातून काढलं. उद्या कदाचित कंपनीतूनही काढतील. चाळीस जणांपैकी एकाने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं, तेही चुकून असेल.

सोमवारी सकाळी बाओआनला गेले. शिफू सुऱ्यांना धार लावत होते. टेबल इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि तिसऱ्या फळीवर माझी वाकडी पेटी दिसत होती.

"आलीस? बस," ते म्हणाले. "जावयाने वाचून दाखवलं. एवढं पूर्ण नाव घालून लिहायची काय गरज होती?"

"शिफू, तुम्ही पेट्या बदलल्यात."

"बदलणारच. सरळ कापलेली स्वतःला घेतलीस आणि बरी ती मला ठेवलीस. म्हटलं, पोरगी मान ठेवतेय. बरं वाटलं. पण म्हणून काय तुझ्या हातात झिपऱ्या द्यायच्या?"

इथे मी गप्प बसू शकले असते. त्यांना बरं वाटलं होतं, तेवढं तरी त्यांच्याकडे राहिलं असतं. पण मला आता काही लपवून ठेवायची भीती बसली होती.

"तो मान नव्हता, शिफू," मी म्हटलं. "ती खूण होती. फोटो फुटला तर कुणाकडून फुटला ते कळावं म्हणून."

सुरी दगडावर थांबली. "माझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांत मी होतो ना पण."

"होतात."

त्यांनी मान हलवली. तळ किती सेकंदांत उतरला ते कळल्यावर हलवायचे तशी, जरा डोळे मिटून. आरोपाने ते इतके दुखावले नव्हते. आरोप रागाच्या भरात होतो, तो माणूस समजून घेतो. फिती कापल्या त्या दिवशी मी हसत होते, त्यांच्याच कात्रीने कापत होते, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खालून शेंगदाण्याची चिक्की मागवली होती.

"चहा घे," ते म्हणाले. "पाणी ठेवतो."

आतल्या खोलीत जायला उठले तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. जाताना कपाटापाशी थांबले, दार लोटलं, कडी घातली, कडीत कुलूप अडकवलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. रागाने नाही, आणि मला दिसावं म्हणूनही नाही. बाहेर जाताना माणूस दिवा मालवतो तसं. बावीस वर्षांत त्या कपाटाला कुलूप मी पाहिलं नव्हतं. कडी नवी होती, खाली फरशीवर भोकं पाडल्याचा भुसा अजून पडलेला होता. आत किटलीत पाणी ओतल्याचा आवाज आला. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, आतल्या खोलीतून दिसतील असे, आणि ते परत येईपर्यंत हलवले नाहीत.